मंगळवारी जाळं टाकत नाहीत

समुद्रकाठच्या अनोमाबोत चाळिशीच्या आतलं जे माणूस दिसेल ते अराबा एशुनच्या हातून जन्मलेलं, असं खुशाल समजावं. होडीवाले, शिंपी, शाळामास्तर, एक पाद्री, सगळे तिनं उलटे धरून पाठीत चापट मारून रडवलेले. ज्याला आपण पहिल्यांदा रडवलं त्याचा पुढे धाक बाळगायचं काही कारण नाही, असं तिचं साधं मत होतं. चौतीस वर्षं सरकारी सूतिकागृहात सुईणपण करून ती निवृत्त झाली. नोकरी सुटली, पण खोड सुटली नाही. आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, म्हणजे केंके, विकणारीलाही ती आधी नखं दाखवायला लावी आणि मगच केंके घेई. गाव तिला तोंडावर मॅडम म्हणे आणि पाठीमागे मॅडम स्पिरिट. तिला ते माहीत होतं, आणि नाव ठेवायचंच तर स्वच्छ ठेवलं म्हणून ती खूशही होती.

अशा बाईच्या घरात कॉम्प्युटर आला. तो युरोपात कुणाच्या तरी घरी म्हातारा होऊन, मग बोटीत बसून तेमा बंदरात उतरलेला. अराबानं पहिल्या दिवशी त्याचा कीबोर्ड उलटा करून झटकला, तर आतून बिस्किटाचा चुरा आणि पिवळे केस पडले. तिनं ते कागदात गुंडाळून जाळले, यंत्र स्पिरिटच्या बोळ्यानं दोनदा पुसलं आणि तीन दिवस व्हरांड्यात ठेवलं. चौथ्या दिवशी त्याला घरात प्रवेश मिळाला.

त्याला आणण्यामागे कारण होतं. सूतिकागृह नव्या इमारतीत गेलं तेव्हा जुन्या जन्मनोंदींच्या अकरा वह्या कुणालाच नको होत्या, म्हणून त्या अराबानं घरी आणल्या. त्यांना वाळवी लागली. चार हजार एकशे सात जन्म, आणि रोज कुणाचा तरी हात, कुणाचं तरी नाव वाळवीच्या पोटात चाललेलं. अराबानं उजव्या हाताच्या एका बोटानं ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवून काढलं. दोन वर्षं लागली. मग रोगट वस्तू घरात ठेवायची नाही ह्या आपल्या नियमाप्रमाणे तिनं अकराही वह्या अंगणात जाळल्या. आता ती चार हजार एकशे सात माणसं जगात एकाच ठिकाणी नोंदलेली होती, पडद्यावरच्या 'बाळं' नावाच्या फोल्डरमध्ये.

शेजारच्या मान्सानं त्या दिवशी धूर पाहून विचारलं होतं, "अगं, सगळंच जाळलंस? काही शिल्लक तरी ठेवायचं."

"वाळवी शिल्लक ठेवू?" अराबा म्हणाली.

मान्सा मासे धुरवण्याचा धंदा करी. तिच्या अंगाला, केसांना, आशीर्वादालासुद्धा हेरिंगचा वास येई, आणि अराबाच्या घरात हात न धुता येण्याची मुभा असलेली ती गावातली एकमेव बाई होती. मंगळवारी ती हमखास येई. मंगळवार हा समुद्राचा दिवस. त्या दिवशी होड्या वाळूवर, जाळी वाळत, चुली थंड. महिन्यातल्या एखाद्या मंगळवारी गप्पा संपल्या की मान्सा थोडी घुटमळे आणि म्हणे, "दाखव जरा." अराबा काही न विचारता फोल्डर उघडी आणि १९७१ साल काढी. तिथे एक ओळ होती: चौदा ऑगस्ट, शनिवार, पहाटे, मुलगा, आई मान्सा. शनिवारचा म्हणून क्वामे, कारण वाराचं नाव बाळ जन्मासोबतच घेऊन येतं. तो दोन दिवस जगला. आठव्या दिवशी बाळाला बाहेर उजेडात आणून नाव ठेवायचं, तो दिवस त्यानं गाठलाच नाही. आणि जो आठवा दिवस गाठत नाही त्याच्यासाठी रडायचं नसतं, तो पाहुणा आला आणि गेला. मान्सा रडत नसे. ती ओळ वाचून घेई आणि चहा मागे. वाचता तिला येत नव्हतं, पण ओळ कुठे आहे ते पक्कं माहीत होतं.

तर अशा ऐवजाला राखणदार हवा, हे एबो बिनीनं अराबाच्या गळी उतरवलं. हा एबो 'देवाची वेळ कॉम्प्युटर क्लिनिक'चा मालक. वय पस्तीस, गळ्यात टाय, खिशात चार पेन ड्राइव्ह, आणि बोलण्याची ढब अशी की ऐकणाऱ्याला आपणच आजारी असल्यासारखं वाटावं. क्लिनिक म्हणवतो आणि हात धुवायला नळ नाही, हा अराबाचा त्याच्यावरचा जुना राग. शिवाय तो पायाळू. जन्मतानाच उलटा आला आणि सहा तास सगळ्यांना ताटकळत ठेवलं, हे ती त्याला दर भेटीत ऐकवी.

एबोनं तीन अँटीव्हायरस आणले. एकाचं चित्र ढालीचं, एकाचं कुलपाचं, एकाचं सिंहाचं. अराबानं तिघांची मुलाखत घेतली, नव्या नर्सची घ्यावी तशी. लस कुठून येते, किती दिवस टिकते, दर आठवड्याला नवी घ्यावी लागते तर आणणार कोण. एबोचा कल सिंहाकडे होता. त्याला नुसता संशय आला तरी तो फाइल जागच्या जागी खाऊन टाकतो, असं त्यानं कौतुकानं सांगितलं.

"संशय आला म्हणून पेशंट मारणारी नर्स मी वॉर्डात ठेवली नाही," अराबा म्हणाली. "घरात कशी ठेवू?"

ढाल मात्र तिला पसंत पडली, कारण ढाल आजारी फाइलला आधी वेगळ्या खोलीत ठेवायची. पण एकाच राखणदारावर तिचा विश्वास बसेना, म्हणून एबोच्या नकळत तिनं स्वतःच कुलूपही बसवलं. तिचा हिशोब असा की एक दिवसपाळी करील, दुसरं रात्रपाळी. झालं उलटंच. ढालीला कुलूप व्हायरस वाटलं आणि कुलपाला ढाल. दोघांनी एकमेकांच्या झिंज्या धरल्या आणि यंत्र उघडायला अर्धा तास लागू लागला. निदान मान्सानं केलं. तिनं अकरा वर्षं सवतीबरोबर काढली होती.

"एका चुलीवर दोघी बसवल्यास होय?" ती म्हणाली. "मग भाकर कशी भाजेल? एकीला माहेरी धाड."

एबोला बोलावलं आणि कुलूप माहेरी गेलं. ढाल उरली. आता ढालीनं विचारलं की आठवड्यातून एकदा सगळं यंत्र तपासायचं, तर कोणत्या वारी. आणि आपलं आपणच मंगळवार लिहून ठेवलं.

अराबानं एबोकडे पाहिलं. एबोनं घड्याळाकडे पाहिलं, कारण त्याला घाई होती आणि हा प्रश्न त्याच्या दृष्टीनं प्रश्नच नव्हता. पण दहाच मिनिटांपूर्वी त्यानं मोठ्या ऐटीत समजावलं होतं की तपासणी म्हणजे यंत्राच्या तळापर्यंत जाळं टाकायचं आणि जे वळवळतंय ते वर ओढायचं. स्वतःच्याच उपमेत माणूस कसा अडकतो ते बघा.

"मंगळवारी जाळं?" अराबा म्हणाली. "ह्या गावात?"

"मॅडम, ते खरं जाळं नाही. प्रोग्राम आहे."

"मघाशी तूच म्हणालास जाळं."

अराबा रविवारी मेथडिस्ट चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी बाई. पण रविवार देवाचा तसा मंगळवार समुद्राचा, आणि ह्या दोघांचं आपसात काय ठरलंय त्यात आपण पडू नये, हा तिचा धर्म. एबोनं मुकाट्यानं मंगळवार काढून शुक्रवार घातला. अराबानं लगेच पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा कापला, त्यावर 'तपासणी: शुक्रवार' असं लिहिलं आणि पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवला, पाळण्याला तारखेची चिठ्ठी लावतात तसा.

मग आठ महिने सुखाचे गेले. पडद्यावर ढाल हिरवी दिसायची. कुणी पेन ड्राइव्ह घेऊन आलं की त्यानं व्हरांड्यातच थांबायचं. अराबा ट्रेमध्ये पेन घेई, स्पिरिटनं पुसे, टोकात काडीनं कापूस फिरवी आणि मगच आत नेई. एबो म्हणे की व्हायरस असा पुसून जात नसतो. अराबा म्हणे, नसू दे, पण तुझ्या खिशातला मळ तरी जातो. ते वर्ष धरणात पाणी नसल्याचं होतं, दिवसाआड लाइट जायची. त्यामुळे रोज रात्री ती यंत्राचा प्लग भिंतीतून काढून ठेवी. झोपताना कुणाच्याही अंगाला तार जोडलेली बरी नाही. सकाळी प्लग लावला की यंत्र काळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजीत कुरकुरे आणि एक बटण दाबायला सांगे. तिनं एकदा एबोला विचारलं होतं. तो म्हणाला, म्हातारं यंत्र आहे, बडबडतं, बटण दाबा आणि पुढे चला. ती दाबत होती.

जून महिन्यातल्या एका मंगळवारी मान्सा आली, बसली, सुनेच्या तक्रारी सांगून झाल्या, आणि घुटमळून म्हणाली, "दाखव जरा."

अराबानं 'बाळं'वर दोनदा टिचकी मारली. फोल्डर उघडेना. पुन्हा मारली. पडदा क्षणभर थरथरला आणि तसाच राहिला. नाव तेच, चित्र तेच, पण आत काही नाही. शेजारच्या सगळ्या फोल्डरांचीही तीच गत. अराबाला अंगणातला तो धूर आठवला आणि स्वतःच्या शहाणपणाचा असा संताप आला की मान्साकडे पाहवेना.

"नाही का उघडत?" मान्सानं विचारलं.

"उघडेल," अराबा म्हणाली आणि एबोला फोन लावला.

एबो आला. टाय सरळ करून त्यानं इथे टिचकी, तिथे टिचकी केलं, आणि चेहरा गंभीर केला. ढाल हिरवी आहे, म्हणजे व्हायरस नाही, असा त्याचा निष्कर्ष. यंत्रच थकलंय. सगळं पुसून नव्यानं बसवावं लागेल, फॉरमॅट म्हणतात त्याला. आतलं काही उरणार नाही, पण यंत्र मात्र नव्यासारखं पळेल.

"बाळं?" अराबानं विचारलं.

"ती गेलीच म्हणायची, मॅडम."

मान्सानं मांडीवरचं फडकं घडी केलं, उलगडलं आणि परत घडी केलं. अराबानं ते पाहिलं आणि तिच्यातली सुईण उठून उभी राहिली. वॉर्डात नवखा डॉक्टर येऊन "गेलीच म्हणायची" म्हणाला की ती एकच करायची: पलंगाला लावलेला तक्ता वाचायची.

"हिचा तक्ता काढ," ती म्हणाली.

"कसला तक्ता?"

"ही ढाल दर शुक्रवारी तपासते ना? मग लिहून ठेवत असेल. कधी तपासलं, काय सापडलं. लिहून न ठेवणारी नर्स मला माहीत नाही."

एबोनं सुस्कारा टाकून ढालीचा दरवाजा उघडला. आत खरंच तक्ता होता. अराबानं चष्मा चढवून वाचलं. शेवटची तपासणी: कधीच नाही. पुढची तपासणी: शुक्रवार, चार जानेवारी, दोन हजार दोन.

एबोनं टाय सैल केला.

"चार जानेवारी," अराबा म्हणाली. "अजून यायची आहे?"

ज्या बाईनं चार हजार बाळांच्या जन्मी आधी वारच पाहिला, तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिनं वाकून पडद्याच्या कोपऱ्यातली स्वतःच्या हातची चिकटपट्टी नखानं सोलली. खाली कॉम्प्युटरचं घड्याळ होतं. त्यावर लिहिलं होतं: मंगळवार, एक जानेवारी, दोन हजार दोन.

आता एबोच्याही डोक्यात प्रकाश पडला, पण त्याला उशीर झाला होता. यंत्राच्या पोटात घड्याळ चालू ठेवणारी एक बटणाएवढी बॅटरी असते, ती केव्हाच मेलेली. प्लग काढला की यंत्र सगळं विसरायचं आणि सकाळी पुन्हा त्याच मंगळवारी जन्माला यायचं. काळ्या पडद्यावरची रोजची कुरकुर हीच होती: मला तारीख माहीत नाही, कुणीतरी सांगा. आणि एबोनं सांगितलं होतं, बटण दाबा. आठ महिने अराबाच्या घरात शुक्रवार उजाडलाच नव्हता. ढाल बिचारी शुक्रवारची वाट बघत हिरवीगार बसून होती.

"पायाळू माणसाला जमिनीत पुरलेलं धन दिसतं म्हणतात," अराबा म्हणाली. "तुला कोपऱ्यातलं घड्याळ दिसेना."

"त्यावर पट्टी तुम्हीच लावली होती, मॅडम," एबो हळूच म्हणाला. हे खरं होतं, म्हणून तिला आणखी राग आला.

"आणि पाटी कसली लावलीस दुकानावर? देवाची वेळ! आधी माणसांची तरी नीट लाव."

एबोनं निमूटपणे घड्याळ लावलं: एकोणीस जून, दोन हजार सात. वार यंत्रानं आपला आपण शोधून लिहिला. मंगळवार. पाच वर्षं ओलांडून आले तरी मंगळवारच. मग त्यानं खिशातून एक पेन काढला. आत ढालीसाठी ताजी लस होती. सवयीनं त्यानं तो ट्रेमध्ये ठेवला, आणि अराबानं सवयीनं पुसला. लस टोचून झाली. पडद्यावर एक बटण आलं, आता तपासू का म्हणून. एबोचं बोट त्यावर गेलं आणि थांबलं. त्यानं अराबाकडे पाहिलं.

अराबा खिडकीबाहेर बघत होती. तिथून किनारा दिसे. सगळ्या होड्या वाळूवर ओळीनं, एकही पाण्यात नाही. त्या दिवशी लाइट होती. उद्या जाणार हे ठरलेलं, आणि उद्यापर्यंत तो व्हायरसचा किडा आत आणखी काय काय खाईल कुणास ठाऊक. तिच्या मनात आलं की आपल्या आयुष्यात आपण मंगळवारी कुणाला जन्मायला नको म्हटलं नाही. पण जाळं टाकायचं म्हणजे दुसरी गोष्ट. त्याचा निर्णय सुईणीनं करायचा नसतो. ज्यांची माणसं पाण्यात जातात त्यांनी करायचा असतो.

मान्साचा नवरा होडीवर होता, दोन मुलगे होडीवर होते, आणि एक दीर होडीवरून परत आला नव्हता. मंगळवार पाळायचं कारण ह्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच नव्हतं. ती उठून पडद्याजवळ आली.

"मंगळवारी मासे मारत नाहीत," ती म्हणाली. "पण बुडालेलं माणूस काढायला जाळं कुठल्याही वारी टाकतात. माझा दीर बुडाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मंगळवारच होता की. दिवसभर टाकत होते. दाब रे."

एबोनं दाबलं.

तासभर लागला. तेवढ्यात अराबानं चहा केला, एबोला हात धुवायला लावले आणि केंके, मिरचीची चटणी, मान्साच्या घरचा मासा असं समोर ठेवलं. पडद्यावर आकडा चढत होता. एकशे सतरा किडे निघाले, आणि पहिला किडा ज्या पेनमधून उतरला त्या पेनवर अजून 'देवाची वेळ'ची चिठ्ठी होती. एबोनं तेवढं सांगायचं टाळलं. अराबानं तेवढंच विचारलं. शेवटी कळलं ते असं की किड्यानं 'बाळं' खाल्लं नव्हतं. खरं फोल्डर लपवून त्याच्या जागी त्याच नावाचं आपलं पोर निजवलं होतं. पोर हाकललं, आडपडदा बाजूला केला, आणि खरं फोल्डर होतं तिथेच सापडलं.

अराबानं ते उघडलं. १९७१ काढलं. चौदा ऑगस्ट. मान्सानं न वाचता त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि काचेवर माशाच्या तेलाचा ठसा उमटला. अराबाचा हात स्पिरिटच्या बाटलीकडे गेला नाही. मान्सा रडली. छत्तीस वर्षांनी, मोठ्यानं, चहा न मागता. रडायचं नसतं असं कुणी तिला म्हणालं नाही.

एबो जायला निघाला. उद्या बटणाएवढी बॅटरी आणतो म्हणाला. आणि जाता जाता विचारलं की तपासणीचा वार शुक्रवारच राहू द्यायचा का.

"हिला विचार," अराबा म्हणाली.

मान्सानं डोळे फडक्याला पुसले.

"शनिवार ठेव," ती म्हणाली.

अराबानं चिकटपट्टीचा नवा तुकडा कापला, त्यावर 'तपासणी: शनिवार' असं लिहिलं, आणि ह्या खेपेला डाव्या कोपऱ्यात लावला.